फळीवरच्या रिकाम्या चौकटी

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार आहे, आणि उखाण्याशिवाय घेणार आहे. राधाकृष्ण. ज्या माणसानं मला रोज सकाळी अंगणात चुन्याच्या रेघेवर उभं करून फोटो काढला आणि दिवसभर पोटात भाकरी जाऊ दिली नाही, त्याला ‘आमचे हे’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. ऐकणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

मी पुष्पावती. माहेर पाथर्डीकडचं, तिकडं दोन पाऊस वेळेवर पडले तरी लोक सुगी झाली म्हणतात. सासर कोपरगावजवळ, कालव्याच्या पाण्यावरचं. ऊस, गुऱ्हाळ, गुळाच्या ढेपांनी भरलेली वखार. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूनं, छबूबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत बघून नाक मुरडलं होतं. पोर वाळकी आहे, हिला दिवस कुठून जातील, असं त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या. मग त्यांनीच स्वतःच्या हातानं मला तूप-गूळ चारायला सुरुवात केली. मी खाल्ला. लहानपणी मी गूळ बघितला तो पाहुणे आले की, तोही आईच्या मुठीत. दोन-तीन वर्षांत मी अंगानं भरले, मग आणखी भरले, आणि मूल काही झालं नाही. दोनदा पाळी चुकली. दोन्ही वेळा छबूबाईंनी भावकीत बातमी देऊन टाकली, एकदा तर हिरवं लुगडंही आणलं, आणि दोन्ही वेळा मी पुन्हा बाजूला बसले. दुसऱ्या वेळी त्यांनी ते लुगडं माझ्यादेखत पेटीत टाकलं आणि म्हणाल्या, “आता पोट हातभर पुडं आल्याबिगर मला काय सांगायचं न्हाई.”

त्यानंतर वैद्यबुवा आले. ते नगरहून यायचे. त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटले, आणि सांगितलं की चरबीनं गर्भाची वाट अडवली आहे. चरबी झडली की वाट मोकळी. सकाळी काढा, दुपारी मुगाचं कढण, संध्याकाळी पेलाभर ताक. काढ्यानं पाळी लांबेल, त्याला घाबरायचं नाही, हेही सांगितलं. जाताना गुळाची अख्खी ढेप घेऊन गेले. त्यांचं पोट धोतराच्या निरीवर ओघळलं होतं, पण त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

राधाकृष्ण पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकून आलेला. त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. माझं वजन उतरतं आहे की नाही हे कळायला हवं म्हणून त्यानं मला वखारीतल्या काट्यावर बसवलं. तो काटा तुळईला टांगलेला, गुळाच्या ढेपा तोलायचा. एका पारड्यात मी मांडी घालून, दुसऱ्या पारड्यात गडी एकेक ढेप चढवतायत, आणि पारडं काही हलत नाही. गुऱ्हाळावरची माणसं दारात गोळा झाली. एक जण तोंडावर पागोट्याचा शेव धरून हसत होता. मी पारड्यातून उतरले आणि सांगितलं, पुन्हा ह्यात बसवलंत तर विहीर जवळ आहे. तेव्हा राधाकृष्णाला फोटोची युक्ती सुचली.

लढाई नुकतीच संपली होती आणि फिल्मची रिळं पुन्हा मिळायला लागली होती. त्यानं पुण्याहून पेटीसारखा कॅमेरा आणला होता. आधी उसाच्या वाफ्याचे फोटो काढले, एका जागी खुंटी ठोकून, दर आठवड्याला, म्हणजे वाढ कळावी. मग खिल्लारी बैलाचे काढले, त्याचा खुराक वाढवला होता म्हणून. मग माझे. उसाचा नंबर पहिला, बैलाचा दुसरा, माझा तिसरा. आणि तिघांत खुराक तोडला तो एकट्या माझा.

रोज ऊन अंगणात उतरलं की हाक यायची. जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली, तिच्यावर टाचा टेकवायच्या. पदर घट्ट खोचायचा, कमर दिसली पाहिजे. आधी समोरून, पुढं पुढं आडवी, म्हणजे पोट कळतं. हात खाली, मान सरळ, हलायचं नाही. सुरुवातीला छबूबाईंनीच आढेवेढे घेतले. बाईमाणसाचा रोज फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं म्हणणं. वैद्यबुवांनी मान हलवली तशा त्या गप्प झाल्या. माझं आयुष्य घटलं तर घटलं, वंश वाढला पाहिजे, असा त्यातला हिशोब होता. मला कुणी विचारलं नाही.

कोपरगावचा फिलिप फोटोवाला सायकलवर यायचा, रीळ घेऊन जायचा आणि धुतलेले फोटो आणून द्यायचा. राधाकृष्णानं माडीवरच्या खोलीत एक मोठी फळी लावली होती. पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या, एका दिवसाला एक चौकट, तीत खळीनं चिकटवलेला माझा बोटभर फोटो. वरच्या ओळीत मी जाड, खालच्या ओळीत थोडी कमी, त्याच्या खालच्या ओळीत आणखी कमी. त्याचे दोस्त आले की तो त्यांना माडीवर न्यायचा. खाली मी चुलीपुढं दुसऱ्यांच्या भाकरी थापत बसलेली असायची आणि वरून त्यांचं कौतुक ऐकू यायचं. परक्या पुरुषांपुढं घरच्या सुनेनं पदर घेतल्याशिवाय यायचं नाही, आणि तिची कमर मात्र भिंतीला लावलेली.

त्या फळीवर काही चौकटी रिकाम्या असायच्या. ते माझे बाजूला बसायचे दिवस. आमच्याकडं बाईला कावळा शिवला की चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत. तिनं कशाला हात लावायचा नाही, तिला कुणी शिवायचं नाही. कॅमेरा छबूबाईंनी देवघराच्या कोनाड्यात ठेवायला लावला होता, एवढी महागाची वस्तू म्हणून. तिथली वस्तू विटाळशीपुढं न्यायची नाही. म्हणून त्या चार दिवसांत फोटो नाही. राधाकृष्ण काटेकोर माणूस, त्यानं त्या चौकटी सोडून दिल्या नव्हत्या. मोकळ्या ठेवून पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. खरं सांगते, त्या चार दिवसांत मला गोठ्यात जरा माणसात आल्यासारखं वाटायचं.

भूक काय असते हे मी सांगत बसणार नाही. एवढंच सांगते की त्या साली गावात रेशन होतं, लोक दुकानापुढं ताटकळत उभे राहायचे, आणि आमच्या कोठीत सरकारपासून लपवलेली ज्वारीची पोती छताला टेकली होती. बाहेर रेशन सगळ्यांना, आमच्या घरात एकटीला मला. कोठीची किल्ली छबूबाईंच्या कमरेला. त्या चालल्या की किल्ली वाजायची, आणि ती वाजली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ह्याची मला अजून चीड येते, किल्लीच्या आवाजानं बाईच्या तोंडाला पाणी सुटावं ह्याची.

एकदा फिलिप पाकीट द्यायला आला तेव्हा घरात मी एकटीच होते. पाकीट ओट्यावर ठेवून तो घुटमळला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाई, तुमी आजारी हाय का? रोज फोटू धुतो म्हनून इचारलं.” मी पाकीट घेऊन आत गेले आणि खूप रडले. संध्याकाळी हे राधाकृष्णाला सांगितलं तर तो खूश झाला. लोकांनाही फरक दिसायला लागला, म्हणाला.

त्याच सुमारास माझी पाळी थांबली. काढ्यानं थांबली असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. दोनदा तोंड पोळलेलं होतं. छबूबाईंचं ते वाक्य माझ्या मनात घट्ट बसलं होतं, त्यामुळं मी स्वतःशीसुद्धा आशा केली नाही. मळमळायचं, तर वाटायचं काढ्याचा कडवटपणा. चक्कर यायची, तर उपाशी माणसाला येतेच. दिवस असेच गेले.

मग एका सकाळी मी रेघेवर आडवी उभी होते. राधाकृष्ण कॅमेऱ्यात मान घालून वाकला होता. हलू नको, म्हणाला. आणि माझ्या पोटात आतून काहीतरी हललं. वायू नव्हता. वायू मला ठाऊक होता, मुगाच्या कढणानं दुसरं काय होतं? हे कुणीतरी आतून बोट लावल्यासारखं होतं, एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा.

“हललीस तू,” राधाकृष्ण चिडून म्हणाला. “फोटो वाया गेला.”

“मी न्हाई हालले,” मी म्हणाले. मी खरंच हलले नव्हते.

त्या दिवशी मी छबूबाईंना गाठलं. त्या सूप घेऊन ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की मला दिवस गेलेत, मूल फिरतंय. त्यांनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही. भाकरीसाठी आता हे नवं काढलंस का, असं विचारलं. मी देवाची शपथ घेतली. त्या म्हणाल्या, ह्याआधी दोनदा तू मला भावकीत तोंडघशी पाडलंस, आता तिसऱ्यांदा मी फसायची नाही, आणि पोट पुढं आलं की मी आंधळी नाही. वर वैद्यबुवांचा निरोप आणला की वायू धरला आहे, ताक बंद करा. म्हणजे पोटातल्या जिवासाठी मागायला गेले आणि होतं तेही घालवून आले.

पोट पुढं आलंच. आणि तिथंच त्यांची अक्कल शेण खायला गेली. फळीवरचे नवे फोटो बघून राधाकृष्ण माडीवरून तरातरा खाली आला. दंड उतरलेत, गळ्याची हाडं दिसतायत, गाल बसलेत, मग पोट का उतरत नाही? उलट वाढतंय कसं? त्याच्या कॉलेजच्या डोक्यातून एकच उत्तर निघालं. मी चोरून खाते. फोटो खोटं बोलत नाही, असं तो मला अंगणात उभं करून म्हणाला, गडीमाणसं ऐकत असताना. कोठीला दुसरं कुलूप लागलं. स्वयंपाक झाला की छबूबाई दुरड्या उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवायच्या.

मला माझ्यासाठी राग येत होता तो वेगळा. आता मला भीती वाटत होती. ते आतलं बोट आधी दिवसातून पुष्कळदा लागायचं, मग कमी झालं. एक दिवस सकाळपासून लागलंच नाही. मी गोठ्यात जाऊन बसले आणि पोटावर हात ठेवून वाट बघत राहिले. आमच्याकडं शेणकूर करणारी लंकाबाई तिथं आली. तिनं माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, आणि आपल्या फडक्यातली बाजरीची भाकरी माझ्या ओच्यात टाकली. तिची दुपारची ती भाकरी. मी तिथंच गव्हाणीशी बसून खाल्ली. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा पोटात ते हललं. मी तोंडात घास धरून रडले.

आणि तेवढ्यात दारात छबूबाई उभ्या.

लंकाबाईला त्यांनी तिथल्या तिथं हाकललं. चोरीला साथ देणारी म्हणून गावभर नाव घेईन, असं म्हणाल्या. ती बाई टोपली ठेवून निघाली. फाटकापाशी तिनं एकदा मागं वळून बघितलं, माझ्याकडं, आणि त्या बघण्यानं माझं डोकं फिरलं. एका भाकरीपायी हिचं काम गेलं होतं, आणि ज्यांच्या कोठीत पोती सडत होती ते तिला चोर म्हणत होते.

मी सरळ माडीवर गेले. त्या दिवशी वैद्यबुवा आलेले होते, खाली बैठकीत राधाकृष्ण आणि दोन दोस्त त्यांच्याबरोबर पोहे खात होते. मी भिंतीवरची फळी उपसली. खिळ्यासकट आली. डोक्यावरचा पदर पडला तो मी उचलला नाही. फळी घेऊन जिना उतरले आणि अंगणात चुन्याच्या रेघेवर आणून उभी केली, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. सगळे उठून बाहेर आले. छबूबाई गोठ्याकडून धावत आल्या.

“ह्या रिकाम्या चौकटी कशाच्या?” मी राधाकृष्णाला विचारलं.

त्याला वाटलं मला वेड लागलं. पण प्रश्न त्याच्या फळीचा होता, त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवेना. “तू बाजूला बसलीस त्या दिवसांच्या,” तो म्हणाला.

मी शेवटच्या फुलीवर बोट ठेवलं. “मंग हितून खाली एक तरी रिकामी दाखवा.”

तो बोटानं एकेक ओळ तपासत खाली आला. ओळीमागून ओळ भरलेली. माझे फोटोच फोटो, समोरून, आडवे, एकही फुली नाही. दोस्त तोंड फिरवून उभे राहिले. वैद्यबुवा घसा खाकरून म्हणाले, काढ्यानं लांबते, मी सांगितलं होतं.

“काढ्यानं लांबली आसंल,” मी म्हणाले. “पन काढा लाथ मारीत न्हाई.”

आणि मी छबूबाईंचा हात धरून माझ्या पोटावर दाबला. त्या हिसका देऊन सोडवायला गेल्या, पण मी सोडला नाही. माझ्या अंगात ताकद नव्हती, तरी सोडला नाही. माझं मूल भाकरी खाऊन जागं झालेलं होतं. ते हललं. छबूबाईंचा हात तसाच राहिला, तोंड उघडं पडलं, आणि त्या हळूहळू माझ्या पायाशी खाली बसल्या. त्यांनी फळीकडं बघितलं आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजायला लागल्या. मग गळा काढला. वैद्यबुवा केव्हा निघून गेले ते कुणाला कळलं नाही.

अर्ध्या तासात कोठी उघडली. तूप आलं, शिरा आला, पेटीतलं हिरवं लुगडं निघालं. छबूबाई स्वतः घास करून माझ्या तोंडाशी आणत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाच हात, हेच तूप, हाच गूळ. वाढवायचं तेव्हाही ह्याच हातानं, तोडायचं तेव्हाही ह्याच. कालपर्यंत मी चोर होते, आज मी लक्ष्मी झाले, आणि दोन्ही वेळा माझ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. मी घास खाल्ला, कारण पोटातलं उपाशी होतं. पण आधी लंकाबाईला बोलवून आणायला लावलं. ती आली, छबूबाईंनी सगळ्यांपुढं तिच्या ओटीत शेरभर गूळ घातला आणि कामाला ये म्हणून सांगितलं, तेव्हा मी ताटाला हात लावला.

आणि राधाकृष्ण? दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं आणि हाक आली. मला खरं वाटेना. रेघ नव्यानं मारलेली, कॅमेरा तयार, आणि चेहऱ्यावर लाज अशी काही नाही, उलट उत्साह. आता वाढ टिपू, म्हणाला, रोजची, आडवी उभी राहा. नवी फळीही आखून ठेवली होती.

मी रेघेपर्यंत गेले आणि ती पायानं पुसली.

“आता मी हालनार,” मी सांगितलं. “फोटू यायचा न्हाई.”

त्याच आठवड्यात माझा भाऊ सहादेव आला आणि मला घेऊन गेला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण एवढ्या लवकर कुणी जात नाही. मी गेले. कोपरगावला आगगाडीत बसताना माझ्या गाठोड्याबरोबर ती जुनी फळी होती, पोत्यात गुंडाळलेली. राधाकृष्ण स्टेशनावर म्हणाला, तिचं तुला काय काम. मी म्हटलं, तिच्यावर मीच आहे ना.

मुलगी झाली. पाथर्डीकडच्या सुईणीनं तिला हातात घेतलं आणि आधी कापूस मागितला, इतकी ती हलकी होती. महिनाभर आईनं आणि मी तिला कापसात ठेवली. जगेल असं कुणी म्हणत नव्हतं. ती जगली. नाव शेवंता. छबूबाई स्वतः न्यायला आल्या तेव्हा मी ओसरीवर बसून सांगितलं की कोठीची किल्ली माझ्या हातात पडल्याशिवाय मी उठत नाही. त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. ती आजही माझ्याकडं आहे, आणि आमच्या घरात कुणी भुकेलं असलं तर त्याला विचारावं लागत नाही.

आता शेवंता बोलायला लागली आहे, सारखे प्रश्न विचारते. हातपाय अजून काडीसारखे. थंडी सुरू झाली की तिला खोकला लागतो आणि मी रात्र रात्र बसून काढते. परवा तिला पोटमाळ्यावर ती फळी सापडली. ओढत माझ्याकडं घेऊन आली आणि विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, मी. तिनं सगळ्या चौकटींवरून बोट फिरवलं, शोधत शोधत, आणि थोड्या वेळानं कावरीबावरी होऊन विचारलं, “आन मी कुटंय?”

मी तिचं बोट धरून शेवटच्या फुलीच्या रिकाम्या चौकटीवर ठेवलं, आणि मग पुढच्या फोटोवर, मग त्याच्या पुढच्या. हितून तू हायेस, म्हणाले. ह्याच्यात, ह्याच्यात, ह्या सगळ्यात. ती खुशीत फोटो मोजायला लागली, येत होते तेवढे आकडे म्हणत. राधाकृष्ण दारात उभा होता. त्यानं तिचं मोजणं ऐकलं आणि तो आत आला नाही. मी त्याला ये म्हटलंही नाही.